टायगरला रात्री आत घ्या, नानांना मी सांगते

पत्र असं आहे:

"मॅडम, आम्ही ओतूरजवळ मळ्यात राहतो. तिन्ही बाजूंनी ऊस आणि एका अंगाला आमची द्राक्षबाग. आमच्याकडे टायगर म्हणून कुत्रा आहे, गावठी आणि लॅब्राडोर क्रॉस, तीन वर्षांचा, पोरांचा फार लाडका. मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा बिबट्याने ओट्यावरून नेला, सकाळी नुसती साखळी राहिली होती. तेव्हापासून मला धड झोप नाही. मी म्हणते टायगरला रात्री आत घेऊ, सासरे म्हणतात कुत्रं राखणीला असतं, आत घेऊन काय त्याची पूजा करायची का. मिस्टर मधल्यामधे, कुणालाच काही बोलत नाहीत. खिळ्यांचा पट्टा आणून घातला तर भागेल का? पिंजरा लावायला सांगू का? आणि दिवसा तो बागेत, रस्त्यावर कुठंपण हिंडतो त्याचं काय करू? — एक सून, तालुका जुन्नर"

ताई, मेन उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. नुसत्या पट्ट्याने भागणार नाही, टायगरला आजपासून रात्री आत घ्या. आत म्हणजे देवघरात नाही ओ, असं नानांना सांगा (तुम्ही सासऱ्यांना काय म्हणता माहीत नाही, मी आपलं नाना म्हणते, आपल्याकडे दर दुसऱ्या घरात एक नाना असतातच). आत म्हणजे चारी बाजूंनी आणि वरून बंद असलेली, कडी लागणारी जागा. पडवी असेल, गोठ्याचा कोपरा असेल, जुनी खोली असेल, काहीही चालेल.

सकाळी नुसती साखळी राहिली होती, हे वाक्य मी जनावरांची डॉक्टर म्हणून या भागातल्या लोकांकडून कितीतरी वेळा ऐकलंय आणि दरवेळी पुढचं वाक्य ठरलेलं असतं की आम्हाला काही आवाजच आला नाही. येणारच नाही. बिबट्या उसाच्या कडेकडेने, बांधाच्या आडोशाने येतो, रोज एकाच जागी बांधलेला कुत्रा त्याला दोन रात्रीत पाठ होतो, आणि पकडतो ते सरळ गळ्याला नाहीतर मानेला, म्हणजे भुंकायला श्वासच उरत नाही. पूर्ण वाढलेला नर पन्नास-साठ किलोचा असतो, तुमचा टायगर लई झाला तर पंचवीस-तीस किलो. मोकळा कुत्रा निदान पळून दाराशी येतो, ओरडतो, कधीकधी वाचतो पण. साखळीतल्याला मागेपुढे फक्त साखळी आहे तेवढीच जागा. म्हणजे राखणीला म्हणून आपण जे करतो त्यानेच त्याची पळायची वाट बंद करून ठेवतो. आणि नाव टायगर आहे म्हणून बिबट्या काय बिचकत नाही.

आता नानांसाठी एक हिशोब देते, तो त्यांना जेवताना सांगा, भांडताना नको. आपल्या शेजारचा अकोले तालुका, तिथं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून त्यात कुणाकुणाचे केस सापडतात ते तपासलं. तिथला भाग पण असाच, ऊस, वस्त्या, गोठे. त्यात निघालं काय, तर बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के नुसती कुत्री. शेळ्या ११ टक्के. आणि मजा अशी की त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! मग बिबट्याला शेळी आवडत नाही का? आवडते की, चांगली आवडते. पण शेळ्या दिवसा माणसाच्या नजरेखाली असतात आणि अंधार पडायच्या आत आपण त्या मोजून आत घेतो, दार लावतो, एक करडू कमी असलं तरी घर डोक्यावर घेतो. कुत्रं बाहेर. नानांनी आयुष्यात कधी शेळी रात्री ओट्याला बांधून ठेवली का विचारा. नाही ठेवली ना, मग शेळीला जी अक्कल लावली तीच कुत्र्याला लावायचीये, एवढंच म्हणणं आहे माझं, यात लाड कुठं आले.

राखणीचं म्हणाल तर नानांची गरज खोटी नाहीये हां. मळ्यात एकटं घर, मोटर, केबल, कांद्याची चाळ, चोऱ्या होतातच, रात्री सावध करणारं कुणीतरी पाहिजेच. पण कुत्रा राखण करतो म्हणजे नेमकं काय करतो? वास घेतो, कानोसा घेतो आणि भुंकतो. ही तिन्ही कामं तो जाळीच्या आतून तितकीच करतो. उलट आत सेफ असलेला कुत्रा जास्त वेळ भुंकतो, बाहेरचा एकतर गप होतो नाहीतर अंगावर धावून जातो आणि संपतो. म्हणून टायगरची जागा अशी निवडा की त्याला अंगण आणि रस्ता जाळीतून दिसेल, वारा लागेल. तो भुंकला की नानांनी आतूनच बाहेरचा लाईट लावायचा, खिडकीतून बॅटरी मारायची. लाईटचं बटण घरात असू द्या, बऱ्याच घरांत ते बाहेर ओट्यावर असतं आणि लाईट लावायला म्हणून माणूस अंधारात बाहेर येतो, हे मला कधी कळलेलं नाही.

जागा कशी करायची ते जरा नीट सांगते कारण इथंच लोक चुकतात. कोंबड्यांना लावतो ती पातळ षटकोनी जाळी उपयोगाची नाही, बिबट्या पंजाने ती ओढून काढतो. कंपाउंडची चेनलिंक पण ढिली बसवली तर खालून वाकते. लोखंडी अँगलच्या फ्रेमवर वेल्डमेश घ्या, जाड गेजची आणि बारीक चौकटीची, म्हणजे बाहेरून पंजा आत जाणार नाही. हे महत्त्वाचं आहे, कुत्रा जाळीला टेकून झोपला आणि भोकं मोठी असली तर बाहेरून पाय ओढला जातो. खाली निदान फूटभर पत्रा किंवा विटांचा कट्टा असला तर अजून चांगलं. वरून बंद पाहिजेच पाहिजे, सहा फुटी भिंत आहे म्हणून छप्पर नको असं मिस्टर म्हणाले तर त्यांना सांगा की दहा फुटाची उडी बिबट्याला जड नाही. आणि दाराला कडी अशी की नुसती ढकलून उघडणार नाही, सरकवायची आणि वरून पिन घालायची. दोरीने बांधलेलं दार म्हणजे दार नाहीच.

एक मात्र, पत्र्याचं खुराडं करून त्यात घालू नका. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली संध्याकाळी सातला पण भट्टी असते, उष्माघाताने कुत्रा जाईल आणि वर तुम्ही म्हणाल डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पत्र्यावर पाचट टाका, पाण्याचं जड भांडं आत ठेवा जे उलटणार नाही. गोठ्यात गाईजवळ ठेवणार असाल तर तेही चालतं, गोठा बंदिस्त असेल तर. फक्त गोचिडांकडे लक्ष ठेवा, कान आणि बोटांच्या मधे बघत जा, आणि गाईला लावायचं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका, मापात फरक असतो, असे थरथरणारे कुत्रे माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात.

आता तो आत येईल कसा, कारण तीन वर्षं बाहेर झोपलेला कुत्रा पहिल्या रात्री कोंडलं की रडणार, दार खरवडणार आणि नाना म्हणणार बघा मी सांगत होतो. यावर एकच उपाय मला माहीत आहे, जेवण. संध्याकाळची भाकरी त्याला बाहेर द्यायचीच नाही. अंधार पडायच्या आधी, रोज त्याच वेळी, त्या जागेत आत ठेवायची, खाऊन झालं की दार बंद. थंडीत सहा-साडेसहालाच काळोख होतो त्यामुळे वेळ घड्याळाने नको, उजेडाने ठरवा. पहिले काही दिवस पोरांना जाळीबाहेर बसून अभ्यास करू द्या (उजेड आहे तोवर), तुमचं जुनं लुगडं नाहीतर गोधडी आत टाका. साधारण आठवड्याभरात तो स्वतःच भाकरीच्या वेळेला दाराशी येऊन बसतो. आणि दार लावायची जबाबदारी नानांना द्या, म्हणजे खरंच द्या, तुम्ही नका लावू. नाना, तुमच्याशिवाय ती कडी कुणाला नीट बसत नाही असं म्हणा. ज्या माणसाच्या हातात किल्ली असते तो मग विरोध करत नाही, हे मी माझ्या सासरी बघितलंय.

उरलंसुरलं अन्न, मटणाची हाडं, पोल्ट्रीवरच्या मेलेल्या कोंबड्या घराजवळ टाकू नका. त्यावर भटकी कुत्री गोळा होतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. जवळ कुणाची पोल्ट्री असेल तर खड्डा करून पुरा म्हणून सांगा, वाईटपणा आला तरी सांगा.

रात्री पाण्याची दारं धरायला शेतात जाताना टायगरला सोबत नेणं बंद करा. मला माहितीये की शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, पाणी सोडायला जावंच लागतं आणि कुत्रा सोबत असला की माणसाला धीर वाटतो. पण होतं काय, कुत्रा पुढं पळतो, उसाच्या सरीत तोंड घालतो, समोर बिबट्या दिसला की शेपूट घालून उलटा तुमच्याकडेच पळत येतो, आणि मागं कोण येतं ते सांगायला नको. त्यापेक्षा दोन माणसं जा, डोक्याला लावायची बॅटरी घ्या, हातात काठी आणि मोबाईलवर गाणी मोठ्याने. बसून काम करायचं असेल, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणं वगैरे, तर एकाने उभं राहून बॅटरी फिरवत राहायचं, वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो.

पट्ट्याचं विचारलंत. खिळ्यांचा पट्टा हा काही फालतू प्रकार नाही, धनगरांच्या कुत्र्यांना पूर्वीपासून असतो, आणि २०२५ साली शिरूर तालुक्यात पिंपरखेडला तर शेतात जाणाऱ्या बायकांनीच गळ्यात असे पट्टे घातले होते, इतकी वेळ आली लोकांवर. कुत्र्याला त्याचा उपयोग एवढाच की पहिला चावा मानेवर नीट बसत नाही, एक-दोन सेकंद मिळतात. मोकळा असेल तर त्या सेकंदांत तो सुटू शकतो, साखळीत असेल तर पट्ट्याचा काय फायदा. तेव्हा दिवसा शेतात फिरताना जरूर घाला. रुंद चामड्याचा घ्या, आतून कापड लावलेला, दोन बोटं सहज जातील इतका सैल. पोरं गळ्यात पडतात तेव्हा काढून ठेवायचा, डोळ्यात खिळा गेला तर वेगळंच प्रकरण होईल, आणि पावसाळ्यात पट्ट्याखाली जखम होऊन अळ्या पडतात म्हणून रात्री काढून मान चाचपायची. दवाखान्यात पट्टा कापून काढायची वेळ आलेली जनावरं मी बघते, घरच्यांना वासावरून कळतं तोवर उशीर झालेला असतो.

पिंजऱ्याचं. पिंजरा लावायचा की नाही हे वनखातं ठरवतं, आपण किंवा सरपंच नाही. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या शेड्युलमध्ये आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण ते त्याला. घराजवळ वारंवार दिसत असेल, दिवसा दिसत असेल, पिल्लं दिसली असतील तर १९२६ ला फोन करा, हा वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे, आणि तुमच्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर पण मोबाईलमध्ये सेव्ह ठेवा. पण एक सांगते, पटो न पटो. एक बिबट्या धरून नेला की त्याची जागा रिकामी राहत नाही, आसपासचा दुसरा येतो, आणि नवीन आलेल्या बिचाऱ्याला ना तुमच्या वस्तीची सवय ना रस्त्यांची. खायला बाहेर बांधलेलं कुत्रं मिळतंय तोवर तो येत राहणार. माणिकडोहला पकडलेले बिबटे ठेवतात त्या केंद्रात किती पिंजरे भरलेत ते जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

आणि कृपा करून कंपाउंडच्या तारेत करंट सोडू नका. कुणीतरी सुचवेल, सुचवतातच. त्यात पहिला टायगर मरेल, नंतर कदाचित एखादा ऊसतोड कामगार, आणि गुन्हा मिस्टरांवर. मेलेल्या शेळीवर औषध टाकून ठेवणं हाही तसलाच प्रकार.

अजून एक गोष्ट ठासून सांगायचीये. एखाद्या दिवशी टायगर संध्याकाळी आला नाही, किंवा फटाक्याला घाबरून सुटला (बिबट्या हाकलायला म्हणून लोक सुतळी बॉम्ब लावतात आणि गावातली निम्मी कुत्री साखळ्या तोडून पळतात), तर त्याला शोधायला अंधारात कुणीही जायचं नाही. पोरांनी तर अजिबातच नाही. तुम्ही लिहिलंय पोरांचा लाडका, म्हणूनच भीती वाटते मला, पोरगं टायगर टायगर करत उसाच्या कडेला जाईल आणि कुणाला पत्ता नसेल. पोरांना आत्ताच, दिवसाउजेडी, बसवून सांगून ठेवा. दारातून हाका मारा, ताट वाजवा, घराभोवतीचे सगळे लाईट लावा, गाडीचा हॉर्न दाबा, तेवढंच. आणि तुमच्या डोळ्यांसमोर त्याला धरलं तरी काठी घेऊन मागं पळायचं नाही, लांबून आरडाओरडा करायचा, भांडी वाजवायची, कधीकधी बिबट्या टाकून जातो.

टाकून गेला आणि कुत्रा जिवंत असला तर वरून दिसणाऱ्या जखमेवर जाऊ नका. चार बारीक भोकं दिसतात, रक्त पण फार नसतं, घरचे म्हणतात वाचला बुवा, हळद लावतात आणि तिसऱ्या दिवशी मान सुजून पू होतो. सुळे खोलवर जातात, आत घाण सोडतात. नळाच्या वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा, हळद, रॉकेल, डिझेल, चुना, काहीही भरू नका, मोठं रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि त्याच रात्री नाहीतर उजाडल्या उजाडल्या डॉक्टरकडे. अँटिबायोटिक लागतं, आणि आधी रेबीजची लस झालेली असली तरी परत डोस द्यावा लागतो. तोंड जुन्या ओढणीने सैलसर बांधा (श्वास नीट चालू असेल तरच), दुखत असलं की लाडका कुत्रा पण मालकाला चावतो. तुम्हाला चावलाच तर तुम्ही पण साबणाने पंधरा मिनिटं जखम धुऊन सरकारी दवाखान्यात जा, लस तिथं मिळते. नेण्याची सोय नसेल तर १९६२ वर फोन करून बघा, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे.

चला, आता दिवसाचं. खरं सांगू का, बिबट्याचं सगळ्यांना दिसतं, पण माझ्याकडे मळ्यातली जी कुत्री दगावतात त्यात बागेतली आणि चाळीतली कारणं पुष्कळ असतात.

द्राक्षं कुत्र्याला विषारी असतात हे तुमच्याकडे कुणाला माहीत आहे का? बहुतेकांना नसतं, बागायतदारांना तर ऐकून हसू येतं. पण द्राक्ष आणि मनुका, दोन्हीने कुत्र्याची किडनी फेल होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचं माप नाही, एखादा घडच्या घड खाऊन ठणठणीत राहतो, एखादा मूठभरात जातो. काढणीच्या दिवसात पॅकिंगला बसतात तिथं कात्रीने काढलेले मणी खाली पडतात, खराब घडांचा बांधाला ढीग असतो, लॅब्राडोरचं रक्त असलेला कुत्रा ते सोडणार आहे का, तो तर चप्पल पण खातो. जानेवारी ते एप्रिल त्याला मांडवाखाली मोकळा सोडू नका, मण्यांचा कचरा रोजच्या रोज उचला. खाल्लेलं बघितलं तर उलट्या व्हायची वाट न बघता तासाभरात डॉक्टरकडे न्या, लवकर ओकवून सलाईन लावलं तर वाचतो. दोन दिवसांनी लघवी बंद झाल्यावर आणला तर माझ्या हातात फार काही राहत नाही.

कांदा पण तसाच. कच्चा कांदा तो चाळीत जाऊन खाणार नाही, पण उरलेला रस्सा, पिठलं, भजी, कांदा-लसूण मसाल्याचं कालवण भाकरीवर ओतून देतो आपण रोज. त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवला तरी फुटतात. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी लालसर चॉकलेटी झाली तर हेच डोक्यात आणा. भाकरी ताकात, दुधात नाहीतर साध्या मटणाच्या पाण्यात कुस्करून द्या, फोडणीच्या आधीचं काढून ठेवायचं, एवढंच.

औषधं. फवारणीची, ड्रेंचिंगची (मुळाशी ओततो ती), उंदराची. बागेत मोरचूद-चुन्याचं पाणी टाकीत कालवून ठेवलेलं असतं, कुत्रा तहानेला येऊन तेच पितो, म्हणून टाकीला झाकण आणि त्याच्यासाठी वेगळं पाणी सावलीत पाहिजे. कीटकनाशकाची बाधा झाली की तोंडाला फेस, लाळ, अंग थरथरणं, बुबुळं बारीक, जुलाब, हे मिनिटांत सुरू होतं. चाळीत उंदरासाठी भजीच्या पिठात कालवून ठेवतात ती काळी पावडर फार वाईट, आणि ते रंगीत केकसारखे तुकडे असतात ना, ते खाल्ल्यावर कुत्रा दोन-तीन दिवस अगदी नॉर्मल दिसतो, मग नाकातून, हिरड्यांतून रक्त यायला लागतं. त्यामुळे काही झालं नाही म्हणून निश्चिंत राहू नका. दूध, तेल, मिठाचं पाणी पाजू नका, आपल्याकडे पहिला हात दुधाच्या पातेल्याकडेच जातो, पण काही विषं त्याने जास्तच भिनतात आणि बेशुद्ध कुत्र्याला पाजलं की फुप्फुसात जातं. काय खाल्लं त्याचं पाकीट, डबा, अगदी फाटका तुकडा असला तरी सोबत आणा. मला उतारा ठरवायला तो तुकडा लागतो, हिरव्या रंगाचं काहीतरी होतं यावरून मला काही कळत नाही.

साप चावला, म्हणजे तोंड किंवा पाय भसकन सुजला, किंवा कुत्रा धडपडायला लागला, तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, त्याला चालवायचं नाही, उचलून गाडीत. सापाची लस कुत्र्यालाही चालते, तीच, नाग-मण्यार-घोणस-फुरसे चारीवरची. फक्त निघायच्या आधी फोन करून कुणाकडे लस शिल्लक आहे ते विचारा, नाहीतर तीन गावं फिरण्यात वेळ जातो.

रस्त्याचं फार लिहीत नाही, कल्याण-नगर हायवे तुम्ही रोज बघता. चमकणारा पट्टा आणि त्यावर मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला, शे-दोनशेत होतं काम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नसबंदी करून घ्या. टायगर रस्ता ओलांडून कुठं जातो असं वाटतं तुम्हाला? पावसाळ्यानंतर कुत्र्यांचा हंगाम असतो, तो कुत्रीमागे जातो, मारामाऱ्या करतो, रात्री घरी येत नाही. नसबंदीनंतर कुत्रा घराच्या आसपास राहतो, राखणीत काही कमी येत नाही, नाना हा प्रश्न विचारणारच म्हणून आधीच सांगून ठेवते. रेबीजची लस दर वर्षी, आणि डिस्टेंपर-पार्व्होची एकत्र मिळते ती पण. डिस्टेंपर आपल्या कुत्र्यांकडून जंगलातल्या मांजरकुळाला पण लागतो, २०१८ ला गीरमध्ये सिंह मेले त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता, म्हणजे टायगरला लस दिली तर बिबट्याचं पण भलं होतं, हे मात्र नानांना सांगू नका.

आता घाई एवढ्यासाठी की ऊसतोड सुरू होईल. आत्ता बिबट्याला लपायला सगळीकडे ऊस आहे, पिल्लं पण तिथंच घालतात, एकदा फड मोकळे व्हायला लागले की त्यांची लपायची जागा कमी कमी होत जाते आणि ते उरलेल्या उसात, म्हणजे कदाचित तुमच्या घरामागच्याच, दाटीने येतात. तोडणाऱ्यांना पिल्लं सापडली तर हात लावू देऊ नका, १९२६ ला फोन करा, वनखात्याची माणसं आईची भेट घडवून आणतात. आई जवळच असते आणि त्या रात्री ती घराभोवती फिरणार, तेव्हा टायगर तर आत हवाच, पण माणसांनी पण बाहेर झोपायचं नाही, कितीही उकडलं तरी.

फॅब्रिकेटरला आजच फोन लावा. हंगाम चालू झाला की तो ट्रॉल्यांच्या कामात अडकतो आणि तुमच्या दाराला महिना लावतो. तोवर टायगरला मिस्टरांच्या मोटरसायकलच्या खोलीत घ्या, पेट्रोलचा कॅन आणि फवारणीच्या बाटल्या तेवढ्या बाहेर काढा.